घरातील पाणकासव

लाल कानाचे स्लायडर हे जगात सर्वाधिक पाळले जाणारे पाणकासव. भारतातील मत्स्यालयांच्या दुकानांत काचेच्या टाकीत एकमेकांच्या पाठीवर चढणारी हिरवीगार पिल्ले दिसतात, ती बहुधा याच जातीची असतात. शास्त्रीय नाव ट्रॅकेमिस स्क्रिप्टा एलिगन्स. मूळ वस्ती अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आणि तेथून दक्षिणेकडे मेक्सिकोच्या ईशान्य भागापर्यंत. डोळ्यामागून मानेकडे जाणारा लाल पट्टा ही त्याची खूण. ओंडक्यावर ऊन खात पडायचे आणि चाहूल लागताच सर्रकन पाण्यात घसरायचे, ही सवय.

अंड्यातून नुकतेच निघालेले पिल्लू जेमतेम तीन सेंटिमीटरचे, दहा रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे असते. दुकानात दिसतो तो आकार हा असा पिल्लाचा आकार असतो. पूर्ण वाढलेल्या नराचे कवच 15 ते 20 सेंटिमीटर भरते, मादीचे 25 ते 30. मोठी मादी दोन किलोच्याही पुढे जाते. नीट सांभाळलेले कासव 20 ते 40 वर्षे जगते. म्हणजे चौथीतल्या मुलाच्या हट्टापायी आणलेले कासव त्या मुलाची मुले शाळेत जाऊ लागली तरी घरात असू शकते. ‘छोट्या भांड्यात ठेवले की ते छोटेच राहते’ हे दुकानात हमखास ऐकू येणारे वाक्य साफ चुकीचे आहे. अपुरी जागा आणि अपुरे अन्न यांमुळे वाढ खुंटते, कवच वेडेवाकडे होते आणि प्राणी लवकर मरतो. बहुतेक पिल्ले मोठी झालेली कोणी पाहत नाही, यामागचे कारण हेच.

या व्यापाराचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. विसाव्या शतकाच्या मध्याला तेथील स्वस्त वस्तूंच्या दुकानांत प्लास्टिकचे उथळ भांडे, त्यात बेट आणि बेटावर प्लास्टिकचे ताडाचे झाड, अशा संचासकट पिल्लू मिळे. लुइझियाना राज्यात त्यासाठी कासवांची शेते उभी राहिली. तळ्यांत माद्या पाळायच्या, काठावरची अंडी गोळा करायची आणि पिल्ले बाजारात पाठवायची, असा तो धंदा. साठच्या दशकात लहान मुलांमधील साल्मोनेला संसर्गाचा माग काढताना डॉक्टर पुन्हा पुन्हा या भांड्यांपाशी येऊन पोहोचू लागले. अखेर 1975 मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने चार इंचांपेक्षा, म्हणजे सुमारे 10 सेंटिमीटरपेक्षा, लहान कवचाच्या कासवांची पाळण्यासाठी विक्री बंद केली. चार इंचांची मर्यादा ठरवण्यामागे साधा विचार होता: एवढे कासव लहान मुलाच्या तोंडात मावत नाही. या बंदीमुळे मुलांमधील वर्षाला सुमारे एक लाख संसर्ग टळले, असा अंदाज पुढे मांडण्यात आला.

घरची बाजारपेठ बंद झाली तरी निर्यातीला मोकळीक होती. 1989 ते 1997 या काळात अमेरिकेतून पाच कोटींहून अधिक स्लायडर जगभर गेली. निन्जा टर्टल्सच्या कार्टून मालिकेची लाट याच सुमाराची, आणि मुलांच्या मागणीला तिने हातभार लावला. पुढे युरोपीय महासंघाने 1997 मध्ये या उपजातीची आयात थांबवली. जपानने 1 जून 2023 पासून आयात, विक्री आणि उघड्यावर सोडणे यांवर बंदी घातली. घरी आधीपासून असलेले कासव सांभाळण्याची मुभा मात्र ठेवली, नाहीतर घाबरलेल्या लोकांनी ती रातोरात नद्यांत सोडली असती. भारतात येणारी पिल्ले मुख्यतः आग्नेय आशियातून येतात. प्रवाशांच्या बॅगांत कपड्यांखाली दडवलेली शेकडो पिल्ले चेन्नईसारख्या विमानतळांवर वारंवार पकडली गेली आहेत.

कासव पाळताना होणाऱ्या बहुतेक चुका त्याचे शरीर ठाऊक नसल्याने होतात. कवच हे वर घातलेले आवरण नाही. पाठीचा कणा आणि बरगड्या एकत्र जुळून ते बनलेले असते, त्यामुळे कासव त्यातून बाहेर येऊ शकत नाही. त्यात रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू असतात. खाजवलेले, ठोकलेले कासवाला कळते. पाठीवर रंग लावणे किंवा नक्षी काढणे त्याला घातक ठरते. कवचावरचे पातळ पापुद्रे वाढीबरोबर सुटतात, ते नैसर्गिक आहे. शरीराचे तापमान बाहेरच्या हवेपाण्यावर ठरते, म्हणून पचन, भूक, रोगाशी झुंजण्याची ताकद हे सारे ऊबेवर अवलंबून. आणि स्लायडरला गिळण्यासाठी पाणी लागते. जमिनीवर ठेवलेला घास ते तोंडात धरते, पण बुडी मारल्याशिवाय तो घशाखाली उतरत नाही. ‘कासव काही खात नाही’ ही तक्रार कोरड्या टबात ठेवलेल्या कासवांबाबत हमखास येते, ती यामुळे.

टाकीचा हिशेब कवचाच्या लांबीवरून करतात. दर सेंटिमीटरमागे साधारण 15 लिटर पाणी, हा पाळणाऱ्यांमध्ये रूढ असलेला ठोकताळा. त्यानुसार पिल्लालाच 45 लिटर लागतात, वाढलेल्या नराला 300 आणि 25 सेंटिमीटरच्या मादीला 375. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत काठोकाठ भरले तर सुमारे 255 लिटर पाणी मावते. म्हणजे ही ऐसपैस दिसणारी टाकीही मोठ्या मादीला अपुरी, आणि काच व स्टँड धरून तिचे वजन तीनशे किलोच्या घरात. जुन्या इमारतीच्या बाल्कनीत ती ठेवण्याआधी स्लॅबचा विचार करावा लागतो. आपल्या शहरांतील दोन खोल्यांच्या घरात हा खटाटोप बहुधा झेपत नाही, हे खरेदीपूर्वीच मान्य केलेले बरे. बंगला किंवा गावाकडचे अंगण असेल तर सिमेंटचा हौद सर्वांत उत्तम. मात्र स्लायडर उत्तम चढते आणि माती उकरते, म्हणून काठ आत वळलेले हवेत आणि वरून मांजर, कावळा, घार यांपासून जाळीचे संरक्षण हवे.

पाण्याची खोली किती असावी याबद्दल गैरसमज फार. बुडेल या भीतीने लोक बोटभर पाणी घालतात. उताणे पडलेले कासव पाण्याचा आधार घेत सुलटे होते. पाणी कवचाच्या रुंदीपेक्षा उथळ असेल तर त्याला सुलटे होता येत नाही आणि त्या बोटभर पाण्यातच ते बुडून मरते. खोली कवचाच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट ठेवावी. पाण्याचे तापमान 24 ते 28 अंश सेल्सिअस, पिल्लांसाठी त्यातले वरचे टोक. मुंबई-कोकणात वर्षाचे बहुतेक दिवस हीटर लागत नाही. नाशिक, पुणे, विदर्भात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पाणी पंधरा अंशांच्या खाली उतरू शकते. तेव्हा कासव सुस्त होते आणि खाणे सोडते. अशा वेळी बळेच भरवू नये, कारण थंडीत पचन थांबते आणि पोटातले अन्न कुजते. थर्मोस्टॅट असलेला हीटर बसवावा आणि त्याभोवती जाळीचे आवरण असावे. मोठे कासव धडका देऊन काचेची नळी फोडते.

पाण्याइतकीच कोरडी जागा आवश्यक. पूर्ण अंग सुकेल असा ओटा, दगड किंवा तरंगता फळा हवा, आणि त्यावर 32 ते 35 अंशांची ऊब. अंग कोरडे झाले की कवचावरचे शेवाळ आणि बुरशी आटोक्यात राहते. पण ऊन खाण्याचे मोठे काम हाडांसाठी असते. सूर्यप्रकाशातील अतिनील-ब किरण कातडीवर पडले की ड3 जीवनसत्त्व तयार होते. ते नसेल तर खाण्यातले कॅल्शियम शरीरात शोषले जात नाही. खिडकीची काच हे किरण जवळपास सारे अडवते. दिवाणखान्यात खिडकीपाशी ठेवलेली टाकी कितीही उजळ दिसली तरी कासवाच्या दृष्टीने अंधारात असते. दोनच उपाय: अतिनील-ब किरणांचा खास दिवा, किंवा थेट ऊन. दिवा ओट्यापासून साधारण एका फुटावर ठेवावा आणि मध्ये काच किंवा ॲक्रिलिक येऊ देऊ नये. प्रकाश दिसत राहिला तरी किरण आधी संपतात, म्हणून सहा ते बारा महिन्यांनी नळी बदलावी लागते. महाराष्ट्रात थेट ऊन फुकट मिळते. सकाळी कोवळ्या उन्हात अर्धा-एक तास रुंद टबात, अर्ध्या भागावर सावली करून, कुणाची तरी नजर असताना ठेवले तर खर्चिक दिव्याची गरज कमी होते. एप्रिल-मेमध्ये काचेची टाकीच उन्हात ठेवणे मात्र जीवघेणे. आतले पाणी पाहता पाहता तापते आणि कासवाला पळायला जागा नसते.

कासव पाण्यातच खाते आणि पाण्यातच घाण करते. माशांपेक्षा किती तरी अधिक कचरा होतो, म्हणून माशांच्या टाकीचा फिल्टर पुरत नाही. टाकीच्या क्षमतेच्या दुप्पट-तिप्पट पाण्यासाठी सांगितलेला फिल्टर घ्यावा. बाहेर बसणारा कॅनिस्टर फिल्टर सर्वांत सोयीचा. विष्ठा आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया निघतो. फिल्टरमधील स्पंजावर वाढणारे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि पुढे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू जमायला चार-सहा आठवडे लागतात. म्हणून स्पंज नळाच्या क्लोरिनयुक्त पाण्याखाली धुऊन लख्ख करणे ही स्वच्छतेची चुकीची कल्पना आहे. टाकीतूनच काढलेल्या बादलीभर पाण्यात तो पिळून घ्यावा. दर आठवड्याला पाव ते अर्धे पाणी बदलावे. पाण्याला वास येतो तेव्हा बदल आधीच लांबलेला असतो. तळाशी बारीक खडी घालू नये, कासव ती गिळते आणि आतडे तुंबते. रिकामा तळ दिसायला बोडका, पण पुसायला सोपा.

आहार वयाबरोबर बदलतो. पिल्ले बरीचशी मांसाहारी असतात, वाढलेली कासवे मोठ्या प्रमाणात शाकाहारी. पिल्लाला रोज आणि मोठ्याला दोन-तीन दिवसांआड द्यावे. कासवासाठीच्या दाण्यांचे प्रमाण त्याच्या डोक्याएवढे पुरे. स्लायडर मात्र काचेपाशी येऊन सतत मागत राहते, आणि त्या मागण्याला भूक समजून भरवत राहिल्याने कातडीच्या वळ्या कवचाबाहेर ओघळलेली लठ्ठ कासवे तयार होतात. दाण्यांसोबत पिल्लाला गांडूळ, उकडलेली बिनमिठाची कोळंबी, लहान अख्खा मासा. मोठ्याला शेवग्याचा पाला, मोहरीचा पाला, किसलेले गाजर, लाल भोपळा, जलपर्णीची पाने. दुभत्या जनावरांसाठी अझोला वाढवणाऱ्या शेतकऱ्याकडून ओंजळभर अझोला आणून टाकीत सोडला तर कासव दिवसभर चरत राहते. पालकात ऑक्झॅलेट भरपूर, ते कॅल्शियम अडवते. म्हणून पालक रोजचा नसावा. कोबी आणि सॅलडच्या फिक्या पानांत पोषण फारसे नाही. बाजारातील सुकट खारवलेली असते, ती देऊ नये. कणकेच्या गोळ्या, पाव, भात, देवळाच्या तळ्यात टाकले जाणारे मुरमुरे यांतून पोट भरते, कवच पोसले जात नाही. पक्ष्यांच्या खाद्याच्या दुकानात मिळणारा समुद्रफेस पाण्यात तरंगत ठेवला की कासव तो हवा तसा कुरतडते; कॅल्शियमची याहून स्वस्त सोय नाही.

दुकानातून डबीत मिळणारे लालसर सुके झिंगे हे सर्वांत जास्त विकले जाणारे आणि सर्वांत जास्त नुकसान करणारे खाद्य. केवळ त्यावर वाढवलेल्या कासवात अ जीवनसत्त्वाची कमतरता होते: पापण्या सुजून डोळे मिटतात, दिसत नाही म्हणून खाणे सुटते, कानाच्या जागी पू साठून फुगवटा येतो. पाळणारा डोळ्यांत थेंब घालत बसतो, आणि दोष डबीत असतो. दुसरा नेहमीचा आजार हाडांचा. कॅल्शियम आणि ऊन दोन्ही न मिळालेल्या पिल्लाचे कवच बोटाने दाबले की लवते; पुढे पाय वाकतात. अगदी नवजात पिल्लाचे कवच किंचित लवचीक असते, पण काही महिन्यांनंतरही ते मऊ असेल तर तो आजारच. नाकातून बुडबुडे, तोंड उघडे टाकून श्वास, आणि पाण्यात एका बाजूला कलून तरंगणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे, यात दिरंगाई चालत नाही. कवचावर खड्डे आणि दुर्गंधी म्हणजे कवचकूज. सरपटणाऱ्या प्राण्यांचे उपचार जाणणारे पशुवैद्य मोठ्या शहरांतच मिळतात, म्हणून कासव आणण्याआधी तो पत्ता शोधून ठेवावा. माणसांची औषधे अंदाजाने देऊ नयेत.

‘जोडी घ्या’ असा आग्रह दुकानात होतो. साधारण 10 सेंटिमीटरपर्यंत नर-मादी ओळखताच येत नाही, तेव्हा त्या जोडीला अर्थ नाही. पुढे नराच्या पुढच्या पायांची नखे लांबलचक होतात, शेपूट जाड आणि लांब होते. मादीसमोर उलटे पोहत ही नखे तिच्या तोंडापाशी थरथरवणे हे त्याचे प्रणयाराधन, आणि पाण्यातल्या पाहण्यासारख्या दृश्यांपैकी ते एक. बंद टाकीत मात्र त्याचा छळ होतो. मादीला पळायला वाव नसतो. दोन नर एकमेकांचे चावे घेतात. एकटे कासव एकाकी पडत नाही, त्यामुळे एकच पाळणे सर्व दृष्टींनी बरे. मादी नराशिवायही अंडी घालते, ती अर्थातच फोल. पण माती उकरायला कोरडी जागा न मिळाल्यास ती अंडी पोटातच धरून ठेवते आणि त्यातून दगावू शकते. वाढलेल्या मादीच्या टाकीला म्हणूनच ओलसर वाळू-मातीची पेटी जोडावी लागते. या कासवांत लिंग उबवणीच्या तापमानावर ठरते: सुमारे 29 अंशांच्या खाली नर अधिक, त्याहून वर मादी अधिक.

साल्मोनेला जिवाणू निरोगी दिसणाऱ्या कासवाच्याही आतड्यात राहतो आणि पाण्यात, कवचावर उतरतो. कासव किंवा टाकीतले काहीही हाताळले की साबणाने हात धुणे, टाकीचे पाणी न्हाणीघरात ओतून फरशी घासणे आणि स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये टाकीचा कुठलाही भाग न धुणे, एवढे पाळावेच लागते. पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती खालावलेला रुग्ण घरात असेल तर कासव आणूच नये.

स्लायडरऐवजी खरोखर लहान राहणारी जात हवी असेल तर उत्तर अमेरिकेचेच मस्क कासव आहे. त्याचे कवच सहसा 13 सेंटिमीटरच्या आत राहते. चिडले की ते उग्र वास सोडते, एवढा एक अवगुण. भारतीय जातींचा पर्याय मात्र नाही. देशात गोड्या पाण्यातील आणि जमिनीवरील मिळून सुमारे 30 जातींची कासवे आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 आणि त्यातील 2022 ची दुरुस्ती यांनुसार ती पकडणे, विकणे, परवानगीविना बाळगणे हा गुन्हा ठरतो. पहिल्या अनुसूचीतील प्राण्याबाबत शिक्षा तीन ते सात वर्षांची कैद आणि किमान 25,000 रुपये दंड. शेततळ्यात सापडणारे मऊ पाठीचे कासव याच संरक्षणात येते. स्टार कासव 2019 पासून आंतरराष्ट्रीय व्यापारावरील सर्वांत कडक निर्बंधांच्या यादीत आहे. तरीही वास्तुशास्त्राच्या नावाखाली आणि ‘वीस नखी’ कासवाने पैशाचा पाऊस पडतो या भोंदूगिरीपायी महाराष्ट्रात कासवांची तस्करी सुरूच असते. लक्ष्मी यावी म्हणून पितळी कासव ताटलीतल्या पाण्यात ठेवणारे निदान कोणाचा जीव तरी घेत नाहीत.

स्लायडर परदेशी असल्याने देशी कासवांसारखे संरक्षण त्याला नाही, पण त्याची आयात परवान्याविना करता येत नाही. खरा प्रश्न उभा राहतो तो चार-पाच वर्षांनी, कासव ताटाएवढे झाले की. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असतेच, तेव्हा देवळाच्या तळ्यात जिवंत कासव सोडणे पुण्याचे वाटते. गुवाहाटीतील उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळमधील त्रिशूर परिसरातील कालव्यात स्लायडर आढळली आहेत. पीचीच्या केरळ वन संशोधन संस्थेने लोकांकडून ती गोळा करण्याची मोहीम हाती घेतली. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघाच्या शंभर सर्वाधिक घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत ते आहे. ते लवकर वाढते, जवळपास काहीही खाते आणि ऊन खाण्याच्या मोक्याच्या जागा बळकावते. फ्रान्समधील प्रयोगांत त्याच्यासोबत ठेवलेली तेथील तळ्यांतली देशी कासवे मागे हटली, त्यांचे वजन घटले. घरातल्या टाकीतील जंतूही पाण्यासोबत तळ्यात जातात.

म्हणून पाळलेले कासव नदी, तलाव, विहीर किंवा देवळाचे तळे यांत कधीही सोडू नये. सांभाळणे जमत नसेल तर प्राणिबचाव संस्था, पशुवैद्य किंवा मोठा हौद असलेला अनुभवी पाळणारा यांच्याकडे सोपवावे. जखमी किंवा पकडलेले देशी कासव आढळले तर महाराष्ट्र वन विभागाच्या 1926 या क्रमांकावर कळवावे. आणि ज्याला पाळायचेच आहे त्याने दुकानातले पिल्लू न घेता कुणी तरी काढून टाकू पाहत असलेले वाढलेले कासव घ्यावे: त्याचा आकार, ते नर की मादी आणि त्याच्या खोडी आधीच ठाऊक असतात, आणि तस्कराच्या पुढच्या बॅगेला गिऱ्हाईक मिळत नाही.